क्षमा ल्यूकची, वकिली आपली

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील डार्थ व्हेडर या खलनायकावर प्रसिद्ध झालेला लेख आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यावर उमटलेले पडसाद मी लक्षपूर्वक वाचले. डोंबिवलीच्या एका वाचकाने व्हेडर हाच या मालिकेचा खरा नायक असून अखेरच्या क्षणी केलेल्या त्यागामुळे त्याची सारी पापे धुऊन निघाली, असे प्रतिपादन केले आहे. तर ज्याने लहान मुलांची कत्तल केली त्याचेच मुखवटे आपण नातवंडांच्या वाढदिवसाला हौसेने विकत आणतो, याबद्दल वाशीच्या एका वाचक भगिनींनी संताप व्यक्त केला आहे. दोन्ही पत्रे तळमळीने लिहिलेली आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. मात्र वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या पत्रांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरली आहे, ती ही की चित्रपटाने व्हेडरला निर्दोष ठरवले. एकाला तो निकाल मान्य आहे, दुसरीला अमान्य आहे, एवढाच काय तो फरक. माझ्या समजुतीप्रमाणे असा निकाल १९८३ च्या मूळ चित्रपटात दिलेलाच नाही. तेथे एक मुलगा आपल्या बापाला क्षमा करतो. त्या क्षमेचे निर्दोषत्वात रूपांतर पुढे चाहत्यांनी केले आणि काही अंशी खुद्द निर्मात्यांनीही केले. हा मुद्दा मांडताना पत्र नेहमीपेक्षा बरेच लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

ज्या वाचकांचा या मालिकेशी परिचय नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. जॉर्ज लुकस यांचा पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९८० मध्ये दुसरा आणि १९८३ मध्ये तिसरा आला. कुठल्याशा दूरच्या आकाशगंगेत जुलमी साम्राज्य आणि बंडखोर यांची लढाई जुंपलेली आहे, काळ्या चिलखतातला आणि मुखवट्याआडून घरघरता श्वास घेत वावरणारा व्हेडर साम्राज्याच्या बाजूने लढतो आहे, आणि ज्या ल्यूक स्कायवॉकर नावाच्या तरुणाच्या तो मागे लागला आहे तो त्याचाच मुलगा निघतो. पुढे १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आलेल्या तीन चित्रपटांनी मागे जाऊन, हा व्हेडर मुळात अनाकिन नावाचा गुणी मुलगा कसा होता आणि तो कसा बिघडत गेला, हे दाखवले.

ठाण्यात हा वाद नवा नाही. नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्रे चाळायला येणाऱ्या मंडळींत तो अधूनमधून पेटतो आणि दिवे मालवायची वेळ झाली तरी विझत नाही. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. ज्यांनी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रात्री जागवून हे जुने चित्रपट पाहिले ती पिढी आता साठीच्या घरात आहे. त्यांच्यासमोर व्हेडर पहिल्यांदा आला तो फोडलेल्या दारातून, धुरातून, उंच आणि काळा, मागचापुढचा काहीही पत्ता नसलेला. त्यांची मुले आणि भाचरे, जी आता घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत राहतात, त्यांच्यापैकी अनेकांनी मात्र वाळवंटी ग्रहावर आईसोबत गुलामीत राहणारा नऊ वर्षांचा हुशार पोरगा आधी पाहिला आणि काळा मुखवटा मागाहून. पहिल्या पिढीला प्रथम भीती वाटली आणि कीव नंतर आली. दुसरीला प्रथम माया वाटली आणि भीती तिला कधी फारशी वाटलीच नाही. त्यामुळे एकाच दिवाणखान्यात बसलेले मामा आणि भाचा एकच नाव घेऊन दोन निराळ्या माणसांविषयी भांडत असतात.

म्हणून पहिल्या चित्रपटातला व्हेडर आधी नीट आठवून पाहावा, अशी माझी दोन्ही पत्रलेखकांना विनंती आहे. दोन तासांच्या त्या चित्रपटात तो पंधरा मिनिटेसुद्धा पडद्यावर नाही. साम्राज्य त्याचे नाही, आणि अख्खा ग्रह फोडू शकणारे ते डेथ स्टार नावाचे युद्धस्थानकही त्याच्या ताब्यात नाही. तेथला प्रमुख टार्किन आहे. पीटर कुशिंग यांनी ती भूमिका अशा थंड सभ्यतेने केली आहे की आवाज चढवण्याची त्यांना गरजच पडत नाही. अधिकाऱ्यांच्या बैठकीत एक जण व्हेडरच्या श्रद्धेची टिंगल करतो, व्हेडर बसल्या जागी त्याचा श्वास कोंडतो, आणि टार्किनने ‘पुरे, सोड त्याला’ म्हणताच जशी आपली इच्छा म्हणून सोडूनही देतो. कैदेत सापडलेली बंडखोरांची राजकन्या लेया तर टार्किनला तोंडावर ऐकवते की व्हेडरच्या गळ्यातली साखळी तुझ्याच हातात असणार हे मी ओळखायला हवे होते. सगळी हयात सरकारी कचेरीत काढलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस परका वाटत नाही. वरच्याचा शब्द झेलायचा आणि खालच्याला दम द्यायचा, या वृत्तीला चिलखत चढवले आणि हाती तलवार दिली की व्हेडर तयार होतो. अल्डेरान हा लेयाचा ग्रह त्यावरील सर्व माणसांसकट नष्ट करण्याचा हुकूम टार्किनचा आहे. व्हेडर फक्त लेयाच्या पाठीमागे उभा राहून तिला तेथून हलू देत नाही. उद्या चौकशी समिती नेमली गेली तर ‘तो आदेश माझा नव्हता’ असे तो शपथेवर सांगू शकेल आणि कागदोपत्री ते खरेच ठरेल.

दुसऱ्या चित्रपटात तो अधिक मोकळा सुटलेला दिसतो, कारण टार्किन मेला आहे. हाताखालचे अधिकारी तो एकामागून एक मारतो. त्यातला एक कप्तान बंडखोरांचे यान हातचे निसटले म्हणून स्वतः जाऊन त्याची माफी मागतो. व्हेडर त्याला गळा आवळून मारतो आणि मग तुझी माफी मंजूर आहे, असे प्रेताला सांगतो. त्या वाक्याला प्रेक्षक हमखास हसतात आणि ते हसावे म्हणूनच लिहिलेले आहे. परंतु व्हेडरला क्षमा करावी की नाही यावर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी कोणीही, व्हेडरच्या हाती क्षमा करण्याचा अधिकार होता तेव्हा त्याने तो कसा वापरला, हे कधी काढत नाही, याचे मला नवल वाटते. हाच व्हेडर सम्राटाची प्रतिमा समोर उमटताच गुडघा टेकतो आणि स्वामींची काय आज्ञा आहे, असे विचारतो.

आता बापाच्या नात्याकडे वळतो. १९७७ च्या चित्रपटात ल्यूकचा वृद्ध गुरू ओबी-वॅन केनोबी त्याला स्वच्छ सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांचा विश्वासघात करून त्यांना ठार मारले. चाहते याला ओबी-वॅनने मुलाची काळजी घेत सांगितलेले अर्धसत्य म्हणतात, आणि १९८३ मध्ये ओबी-वॅनच्या तोंडी तशी सारवासारव घातलेलीही आहे. पण दुसऱ्या चित्रपटाचा जो पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ मध्ये लिहून दिला, त्यात ल्यूकचे दिवंगत वडील आणि व्हेडर ही दोन स्वतंत्र पात्रे होती. ब्रॅकेट त्याच वर्षी वारल्या, पुढचा खर्डा लुकस यांनी स्वतः हाती घेतला आणि त्यात ही दोन पात्रे एक झाली. ही बातमी फुटू नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखातील नटाला ओबी-वॅननेच तुझ्या वडिलांना मारले, असे खोटे वाक्य देण्यात आले होते, आणि ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांना खरे वाक्य ऐन चित्रीकरणाआधी कानात सांगण्यात आले. व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनी तर पुढे सांगितले आहे की ते वाक्य वाचून त्यांना वाटले, हा गडी खोटे बोलतो आहे. आवाज देणाऱ्यालाच पटले नव्हते, तिथे ‘पहिल्यापासूनच त्याच्या आत चांगुलपणा दडलेला होता’ असे म्हणणाऱ्यांनी पहिल्या चित्रपटाचा दाखला देणे योग्य होणार नाही. तो चांगुलपणा त्या चित्रपटात नाही. शोधून पाहिला तरी सापडत नाही.

या पात्राच्या घडणीविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण वादाची एक किल्ली तेथे आहे. ‘तो मी नव्हेच’ या नाटकात प्रभाकर पणशीकर एकटे पाच भूमिका करीत आणि फिरत्या रंगमंचावर एका लबाड माणसाचे पाच चेहरे पाहून प्रेक्षक त्या लखोबाच्या प्रेमात पडत. व्हेडरच्या बाबतीत गणित उलटे आहे. येथे एका माणसासाठी निदान चार माणसे लागली. शरीर डेव्हिड प्राऊझ या धिप्पाड ब्रिटिश भारोत्तोलकाचे. आवाज जोन्स यांचा, ज्यांना लहानपणी तोतरेपणामुळे काही वर्षे बोलणेच जवळपास बंद करावे लागले होते. नंतरच्या दोन चित्रपटांतली तलवारबाजी बॉब अँडरसन यांची, जे ब्रिटनतर्फे १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरले होते. आणि मुखवटा काढल्यावर दिसणारा चेहरा सेबॅस्टियन शॉ या ज्येष्ठ नटाचा. श्वासाचा तो प्रसिद्ध आवाज ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वसनयंत्रातून मिळवला. मुखवट्याची कल्पनासुद्धा मुळात व्यवहारातून आली : एका यानातून दुसऱ्या यानात निर्वात पोकळीतून जाताना हा माणूस श्वास कसा घेईल, असा प्रश्न चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांना पडला आणि त्यांनी त्याला श्वसनाचा मुखवटा काढून दिला. त्या शिरस्त्राणावर जपानी सामुराईंची छाया आहे, हे तर उघडच दिसते. अशा रीतीने कुणा एका नटाच्या मालकीचा नसलेला आणि ज्यावरची रेषाही हलत नाही असा चेहरा तयार झाला. अशा चेहऱ्यावर आपल्याला हवे ते वाचता येते. चाहत्यांनी तेच केले आणि पहिल्या काळात दिग्दर्शकांनी त्यांना ते करू दिले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९८३ च्या चित्रपटातील तो प्रसंग, ज्यावर सगळा वाद उभा आहे. ल्यूकने तलवार फेकून दिली आहे. चिडलेला सम्राट बोटांतून वीज सोडून त्याला तिळतिळ मारतो आहे आणि जमिनीवर तडफडणारा मुलगा ‘बाबा, मला वाचवा’ म्हणून आक्रोश करतो आहे. व्हेडर शेजारी उभा आहे. तो मुलाकडे पाहतो, सम्राटाकडे पाहतो, पुन्हा मुलाकडे पाहतो. मुखवटा तोच, उजेड मात्र विजेच्या लखलखाटाने सारखा बदलतो आहे. एक शब्द नाही. हात नाही, हुंकार नाही. तरीही प्रेक्षागृहातील लहान मुलालासुद्धा कळते की या धातूच्या डब्याआड काहीतरी मोडते आहे, कारण ते मोडणे दाखवण्याचे काम दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वँड यांनी नटाकडून काढून घेऊन प्रेक्षकाकडे सोपवले आहे. मग तो सम्राटाला उचलतो आणि खोल विवरात फेकून देतो. त्यानंतर मुखवटा उतरतो. आत कोणी राक्षस नसतो. व्रणांनी भरलेल्या, रक्त नसल्यासारख्या पांढऱ्या चेहऱ्याचा एक म्हातारा असतो, ज्याला एकदा तरी मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते. जॉन विल्यम्स यांनी व्हेडरसाठी रचलेली लष्करी चालीची धून, जी पहिल्या चित्रपटात नव्हतीच आणि १९८० मध्ये प्रथम आली, ती येथे हार्पच्या तारांवर विरून जाते. ज्याला हे पाहून गलबलत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

पण पुढे काय होते तेही पाहायला हवे. तो म्हातारा मरताना ल्यूकला म्हणतो की माझ्याविषयी तुझेच बरोबर होते, तुझ्या बहिणीलाही तसे सांग. ही बहीण म्हणजे लेया. तिला व्हेडरने कैदेत यातना दिल्या होत्या, तिचा ग्रह फुटताना तिला जागेवर रोखून धरले होते, आणि तिच्या प्रियकराला तिच्या डोळ्यांदेखत गोठवून टाकले होते. त्या वेळी ही आपली मुलगी आहे हे त्याला ठाऊक नव्हते, हे खरे. पण ठाऊक असते तरच ते कृत्य वाईट ठरले असते काय? बापाचा निरोप लेयाला पोहोचल्याचे पडद्यावर दिसत नाही. ती काय म्हणाली, हे आपण ऐकत नाही. तिकडे बंडखोरांचा जल्लोष चालू असताना ल्यूक एकटाच बापाला अग्नी देतो. मुलाच्या हातचा अग्नी म्हणजे काय, हे मराठी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच कदाचित आपल्याकडे हा प्रसंग अधिक खोल जातो. परंतु त्या चितेपाशी दुसरे कोणीही नाही, हे आपण पाहूनही विसरतो. बंडखोरांचा एकही सेनापती तेथे मान झुकवून उभा नाही, अल्डेरानचा एकही माणूस नाही. पुढे व्हेडरच्या आत्म्याची आकृती दिसते तीसुद्धा ल्यूककडे पाहत असते, आणि ती इतरांना दिसत असल्याचे चित्रपट कुठेही सुचवत नाही. चित्रपटाने क्षमेला घातलेली ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. ल्यूक स्वतःपुरते माफ करतो. तो त्याचा अधिकार होता, कारण व्हेडरने तोडलेला हात त्याचा होता आणि बापही त्याचा होता. बाकीच्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार त्याने घेतलेला नाही, आणि तो डोंबिवलीच्या पत्रलेखकांनी किंवा मीही घेऊ नये.

ज्या शहरातील सर्वांत जुन्या आणि लाडक्या नाट्यगृहाला राम गणेश गडकरी यांचे नाव आहे, त्या शहरातल्या प्रेक्षकाला हा भेद अवघड वाटू नये. ‘एकच प्याला’मधील सुधाकर हा बुद्धिमान, मानी, सर्वांना हवाहवासा वकील, एका अपमानाने आणि एका प्याल्याने त्याची घसरण सुरू होते आणि तिची परिणती तान्ह्या मुलाच्या आणि सिंधूच्या मृत्यूत होते. मरणाच्या दारातही सिंधू नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. तिने त्याला क्षमा केली, याबद्दल कोणाला शंका नाही. पण म्हणून सुधाकर निर्दोष होता, असे म्हणत कोणी नाट्यगृहाबाहेर पडल्याचे मी ऐकलेले नाही. १९१९ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकाने सुधाकराबद्दल आपल्याला हळहळायला लावले आणि तरीही त्याच्या पदरात घालायचे ते माप पुरेपूर घातले. आपल्या प्रेक्षकांना हे दोन्ही एकदम झेपत होते. अवकाशयाने आली म्हणून ते झेपेनासे का व्हावे?

अनाकिनचे बालपण आणि तारुण्य दाखवणाऱ्या तीन चित्रपटांनी वकिलीला भरपूर कागदपत्रे पुरवली, हे मान्य करायला हवे. तो गुलाम म्हणून जन्मला. जेडाय या योद्ध्यांच्या पंथाने त्याला आईपासून तोडले. आईने त्याच्या मांडीवर प्राण सोडला. पत्नी पॅड्मे बाळंतपणात मरणार अशी स्वप्ने त्याला पडू लागली. आणि पाल्पाटिन या धूर्त राजकारण्याने, जो पुढे सम्राट झाला, मृत्यूला थोपवण्याची विद्या आपल्याकडे असल्याचे गाजर त्याच्यापुढे धरले. तरुण चाहते म्हणतात की एवढ्यावर कोणीही ढासळला असता. असेलही. पण हेच चित्रपट आणखी काय दाखवतात? आईच्या मृत्यूनंतर त्याने तिला पळवून नेणाऱ्या टोळीच्या वस्तीतली माणसे मारली ती स्त्रियांमुलांसकट, आणि हे पाल्पाटिनच्या पायाशी बसण्याच्या कितीतरी आधी. नंतर जेडायांच्या मंदिरात लपलेली लहान मुले त्याच्याकडे आशेने पाहतात, आता काय करायचे असे त्यालाच विचारतात, आणि तो तलवार उपसतो. ज्या पत्नीला वाचवण्यासाठी हे सारे, तिचाच गळा तो रागाच्या भरात आवळतो. लुकस यांनी येथे अनाकिनला सवलत दिली असे मला अजिबात वाटत नाही. उलट कारणे समजली तरी कृत्य लहान होत नाही, हे त्यांनी बऱ्यापैकी निष्ठुरपणे मांडले आहे. संवाद अनेक ठिकाणी पोकळ आहेत, प्रेमप्रसंग तर सहन होत नाहीत, ते सोडा.

आमच्या वाचनालयातील वादात एका आजींनी या मंदिरातल्या प्रसंगावर अश्वत्थाम्याचे नाव घेतले आणि सगळे एकदम गप्प झाले. त्यानेही रात्री शिबिरात शिरून द्रौपदीची झोपलेली मुले मारली, आणि तोही बापाच्या मृत्यूने वेडापिसा झालेला होता. त्याला ठार करण्यात आले नाही. कपाळावरचा मणी काढून घेऊन त्याला भळभळती जखम घेऊन भटकायला सोडण्यात आले, आणि आजही नर्मदेची परिक्रमा करून आलेली माणसे जखमेसाठी तेल मागणाऱ्या एका उंच म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगतात. आपल्या परंपरेने त्याच्या पराक्रमाचे पोवाडे गायले नाहीत आणि त्याला विसरूही दिले नाही. आजींचे म्हणणे असे की व्हेडरची सुटका स्वस्तात झाली. माझे मत थोडे वेगळे आहे. वीसएक वर्षे त्या चिलखतात, यंत्राच्या श्वासावर, ज्याने फसवले त्याच्याच पायाशी काढणे ही भळभळती जखमच आहे. फक्त चित्रपट ती तशी म्हणून बोलून दाखवत नाही.

वाशीच्या भगिनींच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की मुलांना खलनायकाचा पोशाख आवडतो म्हणून ती त्याच्या बाजूची होतात, असे समजण्याचे कारण नाही. गल्लीतल्या रामलीलेत रावण होण्यासाठी पोरांत भांडणे लागतात. अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘५०१ वी लीजन’ ही हौशी मंडळींची संघटना साम्राज्याच्या सैनिकांचे आणि व्हेडरचे पोशाख घालून आजारी मुलांना भेटते व देणग्या गोळा करते. काळा मुखवटा पाहून ती मुले घाबरण्याऐवजी खुलतात. काळजी वाटायची असेल तर ती मुलांच्या मुखवट्याची नव्हे, तर मोठ्यांच्या युक्तिवादाची वाटावी. व्हेडरने निदान शिस्त आणली, साम्राज्यात निदान कामे वेळेवर होत, असे मी एका सुशिक्षित गृहस्थांकडून ऐकले आहे, आणि ते विनोद करीत नव्हते.

आता निर्मात्यांकडे येतो. १९८३ च्या मूळ चित्रपटात शेवटी दिसणारा व्हेडरचा आत्मा हा वृद्ध सेबॅस्टियन शॉ यांचा होता. २००४ मध्ये डीव्हीडी काढताना लुकस यांनी त्यांना काढून तेथे तरुण अनाकिनची भूमिका करणाऱ्या हेडन ख्रिस्टेन्सन यांना बसवले. कारण असे दिले जाते की अनाकिन म्हणून तो ज्या वयात संपला त्याच वयात तो परतला. मला हा बदल या संपूर्ण मालिकेतील सर्वांत मोठी चूक वाटते. म्हातारा दिसत होता तोवर त्याची सगळी वर्षे त्याच्या अंगावर होती. मुलाने ज्याला क्षमा केली तोच माणूस, त्याच्या सगळ्या कर्मांसकट, समोर उभा होता. तरुण उभा केल्याबरोबर मधली वर्षे कोणा दुसऱ्याच्या खात्यावर गेली. ज्या चेहऱ्याकडे ल्यूकने आयुष्यात कधी पाहिलेलेच नाही, तो चेहरा त्याच्याकडे पाहून हसू लागला. निर्दोषत्वाचा निकाल मी ज्याला म्हणतो तो येथे दिला गेला, आणि तोही २१ वर्षांनी.

२०११ मध्ये ब्ल्यू-रे आवृत्ती आली तेव्हा वर वर्णन केलेल्या त्या मूक प्रसंगातही हात घालण्यात आला. आता व्हेडर सम्राटाला उचलण्यापूर्वी ‘नाही’ असे म्हणतो आणि उचलताना पुन्हा तसेच ओरडतो. जे प्रत्येक प्रेक्षकाने आपापल्या परीने ऐकले होते ते आता सर्वांना एकाच आवाजात ऐकवले जाते. जुनी चित्रपटगृहातली आवृत्ती २००६ मध्ये मर्यादित काळासाठी डीव्हीडीसोबत जोडतबकडी म्हणून विकली गेली. त्यानंतर घरबसल्या सहज मिळते ती बदललेली आवृत्तीच. याचा अर्थ असा की ठाण्यातील मामाने आणि भाच्याने शेवटचा तो निर्णायक प्रसंगसुद्धा सारखा पाहिलेला नाही. मामाच्या आठवणीत एक म्हातारा आहे आणि शांतता आहे. भाच्याच्या आठवणीत तरुण चेहरा आहे आणि आरोळी आहे.

त्यामुळे आपल्याला एक सूचना करतो. या विषयावरील पत्रे आपण यापुढेही छापणार असाल, आणि छापावीत अशी माझी इच्छा आहे, तर पत्रलेखकांना मालिका कोणत्या क्रमाने व तिसऱ्या चित्रपटाची कोणती आवृत्ती पाहिली, हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला सांगावे. डोंबिवलीच्या वाचकांनी २००४ नंतरची आवृत्ती पाहिली असावी, असा माझा तर्क आहे. तो चुकीचा असेल तर त्यांनी तसे कळवावे. वाचनालयातील एका सभासदाकडे २००६ ची ती तबकडी आहे, आणि पत्रलेखक ठाण्यापर्यंत यायला तयार असतील तर त्यांच्यासाठी एखाद्या रविवारी ती लावण्याची आमची तयारी आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी,
नौपाडा, ठाणे पश्चिम